परातीतलं गाव

आमच्या ब्लॉकसमोरच्या दुकानात डुरियन आले की लिफ्टमध्येसुद्धा तो वास येतो. सिंगापूरच्या या बिशान भागात इतकी वर्षं काढूनही मला ते फळ खाता आलेलं नाही, पण वास आता आवडू लागला आहे. जून महिना, शाळांना सुट्ट्या, दुपारी आभाळ दाटून येणं, मग तासभर धो धो पाऊस आणि त्यानंतरची ओली उष्ण हवा. यंदाही सगळं तसंच सुरू झालं आणि यंदाही मला इंग्लंडमधलं एक खेडं आठवलं. हे खेडं मी कधी पाहिलेलं नाही. त्याचं चर्च, गिरणी, लोहाराचा भाता, ओढ्यावरचा लाकडी पूल, सगळं मी ऐकलं ते आमच्या दाराबाहेरच्या लांब कॉरिडॉरमध्ये, बांबूच्या दांड्यांवर वाळत घातलेल्या कपड्यांच्या सावलीत.

शेजारच्या फ्लॅटमध्ये तेव्हा मिसेस तान राहायच्या. नव्वदीला आलेल्या, उंच, थोड्या वाकलेल्या, कापसासारख्या केसांच्या इंग्लिश बाई. डोरोथी त्यांचं नाव. नवरा सिंगापूरचाच, चिनी, इंजिनियर. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा रॉबर्ट पर्थला. तो दर रविवारी फोन करून "इकडे ये" म्हणायचा आणि त्या दर रविवारी "बघू" म्हणायच्या. डोळे अधू झाले होते. त्यांना कडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच धूसर व्हायचं. त्यामुळे बोलताना त्या समोरच्याच्या खांद्यापलीकडे बघायच्या आणि नव्या माणसाला वाटायचं, मागे कोणी उभं आहे की काय.

त्या वर्षी माझ्या सासूबाई आमच्याकडे होत्या. हिवाळ्यात सासरे गेले आणि उन्हाळ्यात मिलिंद, माझा नवरा, आपल्या आईला कोरेगावजवळच्या गावाहून घेऊन आला. त्यांना करमावं म्हणून आम्ही काय काय केलं. बागेत नेलं, देवळात नेलं, मराठी मालिका लावून दिल्या. सासूबाई सगळीकडे यायच्या, सगळं बघायच्या आणि बोलायच्या मात्र अगदी मोजकं. "जेवण झालं", "झोप लागली", "बरं हाय". गावी त्या घरभर आवाज असणाऱ्या बाई होत्या. इथे सोफ्याच्या एका टोकाला पाहुण्यासारख्या बसायच्या, पदर नीट करून, जणू कोणी आता बोलावणार आहे आणि उठायचं आहे.

दोघींची ओळख पाण्यामुळे झाली. मिसेस तान यांच्या दाराशी पुदिन्याची कुंडी होती. एका सकाळी त्या झारीनं पाणी घालत होत्या आणि सगळं पाणी कुंडीच्या शेजारी फरशीवर पडत होतं. मी कामाचा लॅपटॉप उघडून दारातूनच पाहत होते. सासूबाई उठल्या, चप्पल न घालता बाहेर गेल्या, त्यांनी मिसेस तान यांचं मनगट धरलं आणि झारीचं तोंड बरोबर कुंडीवर आणलं. पाणी संपेपर्यंत मनगट धरून ठेवलं. मग दोघी हसल्या. एकीला इंग्रजीचा गंध नाही, दुसरीला मराठीचा. पण त्या दिवसापासून पाऊस ओसरला की कॉरिडॉरमध्ये दोन खुर्च्या लागू लागल्या.

दुभाषी म्हणून आमची लेक ईरा. वय बारा, सुट्टीचा कंटाळा आलेली. सुरुवातीला ती मोबाइलवरची नजर न उचलता, इथल्या पोरांसारखं वाक्यात 'लाह' घालत भाषांतर करायची.

"आंटी म्हणते, शी कम्स फ्रॉम अ पॅरिश."

"म्हंजे?" सासूबाई.

"गाव लाह, आज्जी. विथ चर्च."

"मग गाव म्हण की."

अशा रीतीनं ते गाव आमच्याकडे आलं. मिसेस तान सांगायच्या ते काही त्यांच्या एकटीचं नव्हतं. पुष्कळसं त्यांच्या आईचं होतं, शंभर वर्षांपूर्वी त्या गावात मुलगी असलेल्या बाईचं. तिनं चुलीपाशी बसून लेकीला सांगितलेलं, आणि लेकीनं इतक्या लांब वाहून आणलेलं. सोमवारी सगळ्या गावाचं धुणं असायचं. त्या दिवशी पाऊस आला तर घराघरांत ओल्या चादरींखाली वाकून चालावं लागे. बाजाराच्या दिवशी एकाची घोडागाडी शहराकडे निघे आणि गावच्या बायका त्याला दोरा, सुया, खोकल्याचं औषध आणायला सांगत. शाळा एका खोलीची. हिवाळ्यात शेगडीच्या जवळ बसायला मिळावं म्हणून मुलं लवकर येत. पाद्रीबाबांच्या बागेत नासपतीचं झाड होतं आणि पाद्रीबाबा फळं मोजून ठेवतात अशी मुलांची समजूत होती, म्हणून कुणी तोडत नसे. गव्हाची कापणी झाली की चर्चमध्ये पेंढ्या, भोपळे, सफरचंदं आणि एक भला मोठा, पेंढीच्याच आकाराचा पाव मांडला जाई. त्या दिवशी चर्चला चर्चचा वास येत नसे, शेताचा येई.

एकदा त्यांनी घंटेचं सांगितलं. कापणी झालेल्या शेतात पडलेली कणसं वेचायला गोरगरिबांच्या बायकांना मुभा होती. पण कोणी आधी जाऊन जास्त वेचू नये म्हणून सकाळी चर्चची घंटा वाजे, तोवर सगळ्या बायका बांधावर पोरंबाळं घेऊन उभ्या. घंटा झाली की एकदम शेतात. संध्याकाळी पुन्हा घंटा, की थांबायचं.

ईराला 'ग्लीनिंग'ला मराठी शब्द सापडेना. ती हातवारे करू लागली. सासूबाई एकदम खुर्चीत पुढे सरकल्या.

"सरवा! आगं, सरवा म्हणत्यात त्याला! सांग तिला, आम्ही बी वेचलाय. माझी आय आन् मी. शाळूची कापणी झाली की जायचो. पर घंटा न्हवती आमच्यात. पाटलाची म्हातारी बांधावर बसायची, ती जा म्हणाली की जायचं. आन् ती मुद्दाम उशीर करायची बघ!"

मी आतून ऐकत होते. माझे हात कीबोर्डवर थांबले. आमच्याकडे आल्यापासून सासूबाई इतकं सलग बोलल्याच नव्हत्या. त्या आणखी बोलत राहिल्या, पायाला रुतणाऱ्या खुंटांबद्दल, ओटीत जड होत जाणाऱ्या कणसांबद्दल. मिसेस तान यांना एक अक्षर कळत नव्हतं आणि त्या मान हलवत होत्या. "खुंट," ईरानं सांगितलं तेव्हा त्यांनी स्कर्ट थोडा वर करून आपली नडगी दाखवली. तिथं इतक्या वर्षांपूर्वीचा काही ओरखडा उरलेला नव्हता, पण दोघींना तो दिसत असावा.

मग लोहाराची पाळी आली, गिरणीची आली. गावाच्या मधोमध दगडी क्रूस होता, त्यावर पहिल्या महायुद्धात गेलेल्या पोरांची नावं. मिसेस तान यांच्या आईचे दोन भाऊ त्यात होते. एवढंसं गाव आणि एवढी नावं, त्या म्हणाल्या. सासूबाईंनी विचारलं, "कंची लढाई?" मी बाहेर येऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या चावडीच्या भिंतीत बी तसा दगड हाय. त्याच लढाईचा. इतकी माणसं गेली म्हणून लिवलंय. नावं न्हाईत, नुसता आकडा." मी हे सांगितल्यावर मिसेस तान यांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाल्या, "निदान नावं तरी लिहायला हवी होती."

जून सरत आला तशी त्यांची एक भीती बाहेर आली. डोळ्यांचं त्यांना फारसं वाटत नव्हतं. "डोळे मिटले की माझं गाव पूर्ण उभं राहायचं," त्या मला म्हणाल्या. "हल्ली तुकडे गळतात. काल मला आठवेना, पुलावरून आलं की आधी लोहार की आधी शाळा. मी तासभर त्या पुलावर उभी होते." गाव हरवलं तर आईसुद्धा हरवेल, असं त्यांना वाटत होतं. आईचं सगळं त्या रस्त्यांवरच ठेवलेलं होतं.

मी सासूबाईंना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझी कणीक मळायची मोठी परात काढली. तळाला तांदूळ पसरले. बोटानं त्यात एक वळणदार ओढा काढला. "इचार तिला," त्या ईराला म्हणाल्या, "चर्च कुठं?"

त्या परातीत गाव वसायला कितीतरी दुपारी लागल्या. चर्च म्हणजे गुळाचा खडा आणि त्याच्या मनोऱ्यासाठी एक हळकुंड. शाळा सुपारीची. गिरणीला खारीक. लोहाराच्या दुकानाला मिरे. क्रुसाच्या जागी उभी लवंग. कुरणं हिरव्या मुगाची, नांगरलेली शेतं मसुराची, रस्ते उडदाचे, आणि घरं म्हणून कोरेगावहून आणलेल्या घेवड्याचे दाणे. मिसेस तान डोळे मिटून बोटांनी त्या गावात फिरायच्या. पुलावरून निघायच्या, डावीकडे वळायच्या, थबकायच्या.

"लोहार इतक्या जवळ नको. ठोकाठोकीनं पाद्रीबाबांना झोप लागणार नाही."

सासूबाई मिरे पलीकडे सरकवायच्या.

"आता बरोबर. आधी शाळा, मग लोहार. मुलं शाळा सुटली की भात्याशी थांबायची, म्हणजे शाळा आधीच!" आणि त्या टाळी वाजवायच्या. एकदा गुळाला मुंग्या लागल्या. सासूबाई त्यांना फुंकर मारत म्हणाल्या, "लोकं देवाला चालल्यात, जाऊ दे." ईरानं ते सांगितलं तेव्हा मिसेस तान इतक्या हसल्या की समोरच्या ब्लॉकमधल्या आजोबांनी खिडकीतून डोकावून पाहिलं. एव्हाना ईराचा मोबाइल आत टेबलावर राहू लागला होता.

चर्चच्या आवाराच्या तोंडाशी एक फाटक होतं, वर छोटं छप्पर असलेलं. शवपेटी घेऊन आलेली माणसं ती त्या छपराखाली टेकवत आणि पाद्रीबाबा येईपर्यंत थांबत. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "विसावा. आमच्यात बी खांदेकरी मधी विसाव्याला थांबत्यात." त्यांनी फाटकाच्या जागी एक वेलदोडा ठेवला. मग सहज, गावाचं चित्र पुरं करावं म्हणून, विचारलं, "मग मसणवट कुठं तिची?"

ईरानं विचारलं. मिसेस तान यांचे हात परातीवरून मागे गेले. "पुरे आजचं," त्या म्हणाल्या आणि उठल्या. कुंडीला धक्का लागला तरी न थांबता आत गेल्या. दार लागलं.

दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी. तिसऱ्या दिवशीही. सासूबाई पाऊस थांबला की बाहेर जाऊन बसायच्या, परात मांडीवर. ईरा म्हणाली, "आज्जी, शी नीड्स स्पेस." सासूबाई म्हणाल्या, "मी वंगाळ इचारलं का गं?" आमच्याकडे आल्या त्या दिवशी होता, तसा त्यांचा चेहरा पुन्हा झाला होता. मला धास्ती वाटली की त्या पुन्हा सोफ्याच्या टोकाला जाऊन बसतील.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी ऑफिसमधून आले तर घरात सासूबाई नाहीत. शेजारचं दार उघडं होतं. मिसेस तान स्टुलावर बसल्या होत्या आणि मागे उभ्या राहून सासूबाई त्यांच्या विरळ पांढऱ्या केसांना खोबरेल तेल लावत होत्या. ईराला नेलं नव्हतं. मला पाहून मिसेस तान म्हणाल्या, "बस. तिला सांग सगळं." आणि त्या बोलू लागल्या, थोडं थांबत, मला सांगायला वेळ देत.

त्यांचे वडील चर्चचे सेवक होते. घंटा वाजवणं, घड्याळाला किल्ली देणं आणि थडगी खणणं हे त्यांचं काम. गावात कोणी गेलं की मोठी घंटा संथ वाजायची. बाईसाठी ठोक्यांची रीत वेगळी, पुरुषासाठी वेगळी, आणि मग वयाइतके ठोके. शेतातली माणसं हात थांबवून ऐकत आणि ठोक्यांवरून कोण गेलं ते ओळखत. लेक शहरात नर्सिंग शिकायला गेली. तिथे तिला तान भेटले. घरी येऊन तिनं सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "त्याच्याबरोबर गेलीस तर या गावात तुझ्यासाठी घंटा वाजणार नाही. लग्नाचीही नाही आणि नंतरचीही नाही." लग्न सरकारी कचेरीत झालं. मग बोट, मग सिंगापूर. आई गेल्याचं कळलं ते तिला पुरल्यानंतर. वडील त्यानंतर काही वर्षांनी गेले.

"ते बोलतील म्हणून मी थांबले," त्या म्हणाल्या. "ते बहुतेक माझ्यासाठी थांबले असतील. मग थांबायला पलीकडे कोणी उरलंच नाही. त्या आवारात कोण कुठे आहे, मला माहीत नाही. म्हणून मी तिथे जात नाही, परातीतसुद्धा."

मी सांगितलं. सासूबाईंचे हात थांबले होते. त्यांनी वडिलांबद्दल काहीच विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "आन् तिच्या आयनं काय केलं?"

मिसेस तान यांनी खिडकीकडे तोंड केलं. "आई काहीच बोलली नाही. स्टेशनवर आली, माझा कोट नीट केला, आणि गप्प उभी राहिली. मला वडिलांचा राग आला होता, तो पुढे गेलाही. तिच्या गप्प बसण्याचा मात्र अजून गेलेला नाही. मी तिच्यावर इतकं प्रेम करते आणि तरी तो गेलेला नाही."

हे मराठीत सांगताना माझी जीभ अडखळली. कारण आमच्या घरात एक नाव घेतलं जात नव्हतं. मिलिंदची मोठी बहीण वसुधा मिरजेला असते, शाळेत शिकवते. तिनं जातीबाहेर लग्न केलं तेव्हा सासऱ्यांनी उंबरा बंद केला तो शेवटपर्यंत. त्यांच्या तेराव्यालाही ती आली नाही, तिला कोणी बोलावलं नाही. मिलिंद ऑफिसमधून तिला फोन करायचा. घरी कधी तिचा फोन आला तर तो गॅलरीत जायचा, आणि सासूबाई त्या वेळी हातातलं काम सोडून बसून राहायच्या. कोणाचा फोन, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

मी शब्दन् शब्द सांगितला.

सासूबाईंनी तेल लावून पुरं केलं. कंगव्यानं केस विंचरले, एवढ्याशा केसांची करंगळीएवढी वेणी घातली. हात पदराला पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मिलिंदला म्हणावं, वसूला फोन लाव."

शनिवारी दुपारी फोन लावला. मिसेस तान हव्यातच, असा सासूबाईंचा हट्ट होता, म्हणून त्याही येऊन बसल्या. मिलिंदनं स्पीकर लावून फोन आईसमोर टेबलावर ठेवला.

"बोल रे मिल्या," वसूताईंचा आवाज आला.

"मी हाय," सासूबाई म्हणाल्या.

पंखा फिरत होता. कुठेतरी मिरजेत कुकरची शिट्टी झाली, ती आम्हाला इथे ऐकू आली. मला वाटलं आता फोन बंद होईल. सासूबाईंनाही वाटलं असावं, कारण त्या एकदम घाईघाईनं बोलू लागल्या, आणि बोलल्या ते भलतंच. "हितं शेजारी एक म्हातारी हाय. इंग्लंडातली. तिच्या गावात बी सरवा वेचायच्या बायका. घंटा वाजली की जायचं. लोहाराच्या भात्यापाशी पोरं थांबायची. तिच्या बापानं तिला..." इथं त्या अडकल्या. मग पुन्हा मागं जाऊन पूल सांगितला, ओढा सांगितला, पाद्र्याच्या नासपती सांगितल्या, त्या गावात जन्मल्यासारखं सगळं सांगितलं. वसूताई ऐकत होत्या. मधूनच नाक ओढल्याचा आवाज यायचा, तेवढ्यावरून कळायचं. शेवटी सांगायचं संपलं. सासूबाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

"वसे," त्या म्हणाल्या, "तुझ्या घरी येऊ का मी? तुझ्या माणसाला चालंल का?"

"कधीचं विमान आहे?" वसूताई म्हणाल्या. रडत होत्या, पण आवाज मास्तरणीचाच होता. "पुण्याला उतरशील की मुंबईला? दे, मिल्याला दे फोन, तुला नाही नीट सांगता यायचं. आम्ही दोघं येतो न्यायला."

मिसेस तान इतका वेळ माझा हात धरून बसल्या होत्या. "काय म्हणाली ती? काय म्हणाली?"

ईरानं त्यांच्या कानाशी वाकून इथल्या बोलीतला होकार सांगितला, "कॅन, आंटी. शी सेज कॅन."

व्हिजिट पासची मुदत संपायच्या आत सासूबाई निघाल्या. त्याआधी एके दिवशी मिसेस तान स्वतःहून परातीपाशी आल्या. कोण कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतंच, पण चर्चच्या मागे यू नावाचं एक जुनं झाड होतं, चर्चपेक्षाही जुनं, आणि वडिलांना त्याच्या सावलीत डबा खायला आवडायचं. सासूबाईंनी तिथं कढीपत्त्याची डहाळी खोचली. मिसेस तान यांनी घेवड्याचे दोन दाणे घेतले, डहाळीच्या बुडाशी शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांवर बोट ठेवून बसल्या.

दुसऱ्या दिवशी गूळ, सुपारी, खारीक बाजूला काढून त्या सगळ्या गावाची खिचडी केली. फेकायचं कसं, धान्य होतं. मिसेस तान दुसऱ्यांदा वाढून घेत म्हणाल्या, "पाद्रीबाबांसकट सगळं गाव खाल्लं आपण." त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रॉबर्ट आला आणि त्या त्याच्याबरोबर पर्थला गेल्या. जाताना पुदिन्याची कुंडी ईराला दिली.

सासूबाई मिरजेला राहिल्या त्या राहिल्याच. वसूताईंच्या नवऱ्याला त्या आधी 'अहो' म्हणायच्या, आता नावानं हाक मारतात आणि भाजी आणायला पिटाळतात. त्यांचा घरभर आवाज असतो, असं वसूताई सांगतात, थोड्या तक्रारीच्या सुरात.

गेल्या वर्षी रॉबर्टचा फोन आला. मिसेस तान झोपेतच गेल्या होत्या. मी मिरजेला कळवलं. म्हाताऱ्या माणसाला सांगावं की नाही असा वसूताईंना प्रश्न पडला, पण त्यांनी सांगितलं. संध्याकाळी त्यांचा मला फोन आला.

"आई काहीच बोलली नाही गं," त्या म्हणाल्या. "उठली, न्हाणीघरात गेली आणि डोक्यावरून पाणी घेतलं. ओले केस घेऊन अंगणात येऊन बसली. शेजारणीनं विचारलं, आज अवेळी अंघोळ, कोण गेलं का तुमच्यातलं? तर म्हणाली, व्हय. आमच्या गावची होती."